‘चीक टू चीक’ : गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे अनुभव

1935च्या ‘टॉप हॅट’ या हॉलिवूड चित्रपटासाठी अर्विंग बर्लिन यांनी लिहिलेलं आणि स्वरबद्ध केलेलं हे प्रेमगीत. पडद्यावर फ्रेड अस्टेअर जिंजर रॉजर्सबरोबर नाचता नाचता ते गातो. ज्यांनी हे गाणं बसवलं आहे त्यांनी कुठे अडतं आणि कसं सुटतं, ते लिहा.

पियानोवाला
घोळ मोजणीत होतो. त्या काळची बहुतेक गाणी 32 बारची (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचं एक माप), हे 72 बारचं! मुखडा 16, पुन्हा 16. मग गिर्यारोहण आणि मासेमारीचा खेळकर भाग 8, तोही पुन्हा 8. मग एकदाच येणारा मायनर (कोमल गंधाराचा) तुकडा 8, आणि शेवटी मुखडा 16. सवयीचा हात खेळकर भाग एकदाच वाजवून मुखड्यावर येतो, गायक मात्र पुढच्या ओळीवर असतो. कागदावर ठळक लिहा : अ अ ब ब क अ.

काळी दोन (गायन)
प्रचलित नोटेशन पांढरी एकमध्ये मिळतं, पण पट्टी ‘हेवन’ या पहिल्या शब्दावरून ठरवू नका. चाल तिथून चढत जाते, म्हणून चढाचं टोक गाऊन पाहा आणि मगच ठरवा. ‘हेवन’ लांबवताना दम संपवला तर वर आवाज चिरकतो. चढ सुरू होण्याआधी श्वास हवाच. आवाज मोठा नको, अस्टेअर जवळच्या जोडीदारणीशी बोलावं तसं गातो आणि तेच या गाण्याचं खरं सौंदर्य आहे. मायनर तुकड्यात षड्ज तोच, गंधार कोमल. तो कानात रेंगाळतो आणि परतल्यावर शुद्ध गंधार उतरा लागतो. परतीचे दोन बार वेगळे घोटा.

ट्रम्पेट
मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक फेरी (सगळे 72 बार) 2 मिनिटं 24 सेकंदांची. तिघांनी पूर्ण फेरीचे सोलो (एकट्याचं वादन) घेतले की सात मिनिटं गेली, ऐकणारे कंटाळतात. सोलो पहिल्या 48 बारचाच ठेवा, मायनर तुकड्यापासून गायकाला परत घ्या. हा सांधा फार सुंदर बसतो.

नाचणारी
रॉजर्सच्या शहामृगी पिसांच्या पोशाखाची पिसं चित्रीकरणात उडत होती. तसा पोशाख करायचा तर पिसं डिंकाने चिकटवू नका, एकेक टाक्याने पक्कं करा आणि तालमीआधी जोरात झटका. बुटाच्या चामडी तळव्याखाली पीस आलं की पाय सटकतो. नाच चित्रित करताना पूर्ण शरीर चौकटीत ठेवा, अस्टेअरचा तोच आग्रह असे.