शर्यतीच्या जुन्या गाड्या: पळवाव्यात की जपाव्यात?

दूरदेशी (चर्चाप्रस्ताव)

१९११ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत जिंकणारी ‘मार्मन वास्प’ त्याच ट्रॅकच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. पिवळा रंग, ३२ हा आकडा, गांधीलमाशीसारखी निमुळती होत गेलेली शेपटी आणि चालकाच्या समोर चार दांड्यांवर आडवा बसवलेला आरसा. त्या काळी चालकाशेजारी मेकॅनिक बसत असे आणि मागून कोण येत आहे हे तोच सांगत असे. वास्पचे चालक रे हॅरून यांनी वजन वाचवण्यासाठी एकच आसन ठेवले, त्यावर प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तेव्हा हा आरसा आला. त्या गाडीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो तो या आरशासाठीच.

माझे मत असे, की अशा अस्सल गाड्या आज शर्यतीत उतरवणे हा त्यांचा सन्मान नसून नासधूस आहे. प्रत्येक शर्यतीत काहीतरी तुटते, तुटलेले बदलले जाते आणि बदललेले मूळ म्हणून खपवले जाते. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली हेमाडपंती देवळांना ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरश्या बसवतात, तेव्हा आपण हळहळतो. गाड्यांच्या बाबतीत मात्र टाळ्या वाजवतो.

चौथा गिअर

देवळाची उपमा मला मान्य नाही. देऊळ बांधणाऱ्याने ते स्थिर राहावे म्हणून बांधले होते. शर्यतीची गाडी मात्र पुढच्या रविवारपर्यंत टिकली तरी पुरे, अशा हिशेबाने बनत असे. आपण ज्याला ‘मूळ’ म्हणता ते नेमके कोणत्या दिवशीचे? अमेरिकी चालक जिमी मर्फी यांनी १९२१ साली ल मान्स येथे ड्यूसेनबर्ग ही अमेरिकी गाडी चालवून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. पुढच्या वर्षी त्याच गाडीत अमेरिकेतले इंजिन आणि गाड्या बनवणारे हॅरी मिलर यांचे इंजिन बसवून त्यांनी इंडियानापोलिसही जिंकले. मग पहिले इंजिन खरे की दुसरे? त्यांच्या मेकॅनिकला हा प्रश्न विचारला असता, तर त्याने पाना खाली न ठेवताच आपल्याकडे पाहिले असते.

कॅलिफोर्नियातील लगुना सेका येथे १९७४ पासून जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. तिथे सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) लावलेले आठ सिलिंडरचे इंजिन वळणातून बाहेर पडताना जो आवाज करते, तो कोणत्याही माहितीफलकावर लिहिता येत नाही.

ओतकाम

माझी हयात कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत गेली, म्हणून धातूपुरतेच बोलतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या ओतीव भागात बारीक छिद्रे असतात, कारण वितळलेल्या धातूत विरलेला वायू काढून टाकण्याची आजची साधने तेव्हा नव्हती. गाडी शंभर वर्षे उभी असली तरी ती छिद्रे बुजत नाहीत; उलट पुन्हा इंजिन तापवले, थंड केले, असे होत राहिले की तडा तिथूनच सुरू होतो. भाग हातात घेऊन टिचकी मारली आणि आवाज बद्द आला की आम्ही समजतो, गेला. त्यात आज चालक जे टायर लावतात त्यांची पकड जुन्या टायरपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि वळणावरचा तो जादा ताण शेवटी स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) आणि ब्रॅकेट यांच्यावर येतो. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, नव्याने करून नवा भाग ओतणे अवघड नाही. पण जुना भाग भंगारात न टाकता त्यावर तारीख घालून तो कपाटात ठेवणारे मालक किती आहेत?

मंदाकिनी

या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. जपलेल्या गाड्या बहुतांशी जिंकलेल्यांच्या आहेत. ज्या काळात कृष्णवर्णीय चालकांना इंडियानापोलिसच्या मुख्य शर्यतीत प्रवेश नव्हता, त्या काळात, म्हणजे १९२४ ते १९३६ या वर्षांत, त्याच शहरात ‘गोल्ड अँड ग्लोरी’ ही त्यांची स्वतंत्र शर्यत मातीच्या ट्रॅकवर होत असे. चार्ली विगिन्स हे तिथले मोठे नाव. स्वतः मेकॅनिक, स्वतः चालक. १९३६ च्या अपघातात त्यांचा पाय गेला. ज्यांच्या गाड्या काचेआड गेल्याच नाहीत, त्यांचा इतिहास पळवण्याने टिकणार की जपण्याने, हेही कोणीतरी सांगावे.

दूरदेशी

मंदाकिनीताई, आपला मुद्दा बिनतोड आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

चौथा गिअर यांना मात्र एक गोष्ट सांगतो. १९२९ साली अमेरिकी चालक लिऑन ड्युरे हे मिलर यांनी बनवलेल्या, पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या दोन गाड्या घेऊन युरोपात गेले आणि त्या त्यांनी फ्रान्समधले गाड्या बनवणारे एत्तोरे बुगाटी यांना देऊन बदल्यात बुगाटीच्या तीन गाड्या घेतल्या. बुगाटी यांनी त्या पळवल्या नाहीत. त्यांनी मिलरच्या इंजिनाच्या हेडचा, म्हणजे झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेल्या वरच्या भागाचा, अभ्यास केला आणि आपल्या पुढच्या इंजिनांत ती रचना आणली. पुढे तीसेक वर्षांनी त्या दोन्ही गाड्या अमेरिकेत परत आल्या. उभी असलेली गाडीही शिकवते, फक्त तिच्यातले धातू आणि मापे अस्सल हवीत. आणि ज्या लाकडी फळ्यांच्या ट्रॅकवर चालक फ्रँक लॉकहार्ट यांनी १९२७ साली मिलरची गाडी ताशी १४७ मैलांनी पळवली, ते ट्रॅक तर केव्हाच कुजून गेले. मग आज डांबरावर आपण कोणता इतिहास जिवंत करतो?

गाडी सुरूच करू नये असे मी म्हणत नाही. फिलाडेल्फियाच्या सिमिओनी संग्रहालयात ‘डेटोना कूप’ या केवळ सहा बनलेल्या शर्यतीच्या गाड्यांपैकी पहिली आहे, बरीचशी मूळ अवस्थेत. तिथे ठरावीक दिवशी संग्रहातल्या काही गाड्या मागच्या पटांगणात आणून चालवून दाखवतात. माझ्या मते मर्यादा तिथे असावी.

चौथा गिअर

पटांगणात चालवणे म्हणजे पैलवानाला मैदानात न उतरवता ओट्यावर बैठका मारायला लावणे. आपल्याच आरशाचे पाहा. हॅरून यांनी पुढे स्वतःच सांगितले, की विटांच्या ट्रॅकवर गाडी इतकी थरथरत होती की आरशात काहीही दिसत नव्हते. काचेआड उभ्या गाडीतला आरसा मात्र उत्तम दिसतो, आणि आपण त्याच्यासमोर भक्तिभावाने उभे राहिलात.

दूरदेशी

खरे आहे, उभा राहिलो. पण हे आपल्याला कळले ते हॅरून यांनी सांगून ठेवले म्हणून, आज कोणी वास्प पळवली म्हणून नव्हे. आणि उद्या पळवलीच, तर कोणत्या विटांवर? त्या ट्रॅकवर बत्तीस लाख विटा होत्या. १९६१ पासून प्रारंभरेषेवरचा एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा उघडा आहे.