प्रतिसाद : पॉवर बँक पुरेल, पण पावसाचं काय?

पोकेमॉन गो या बाहेर फिरत पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायच्या मोबाइल गेमच्या गो फेस्टला, म्हणजे वार्षिक सोहळ्याला, सकाळी १० ते संध्याकाळी ६ बाहेर राहायचंय, १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरेल, पण जेमतेम. डब्यावरचा आकडा पूर्ण मिळत नाही, व्होल्टेज वाढवताना बरंच वाया जातं. साधारण दोन तृतीयांश धरा. म्हणजे ५,००० वाल्या फोनला एकदा पूर्ण आणि वर थोडं. एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून समोरच्या जागेत पोकेमॉन दाखवायची सोय, बंद ठेवा, तेवढीच बॅटरी वाचते.

पण माझ्या मते खरी अडचण पाऊस. हा सोहळा बहुतेकदा जून-जुलैत येतो. गेल्या खेपेला सारसबागेत भुरभुर सुरू झाली आणि पोकेमॉन पकडायला स्क्रीनवर ओल्या बोटाने बॉल फेकला की तो भलतीकडेच जायचा! छत्री एका हातात, फोन दुसऱ्यात, वायर लोंबकळतेय. शेवटी झाडाखाली उभं राहून पंच्याने स्क्रीन पुसत बसले. तेव्हापासून छत्री नाही, रेनकोटच. आणि पंचा दोन. चार्जिंगचं तोंड ओलं असेल तर वायर अजिबात लावू नका.

गेममधली पकडलेले पोकेमॉन ठेवायची जागा आदल्या रात्रीच रिकामी करा. ऐन वेळी साठा भरला की नको असलेले निवडून काढून टाकण्यात अर्धा तास जातो.

नेटवर्कचं म्हणाल, तर २०१७ साली शिकागोच्या पहिल्या गो फेस्टला गर्दीने नेटवर्कच कोलमडलं आणि तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले. त्यामुळे दोघं-तिघं जाणार असाल तर वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या.

चकल्या मात्र नेऊ नका, तेलकट बोटं पावसाहून वाईट.