अजिंठ्याचा सातकुंड धबधबा नेमका केव्हा पाहावा?

प्रश्न: परभणीकर

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब अजिंठ्याला गेलो होतो. लेणी पाहत पाहत दरीच्या टोकाला पोहोचलो, तेव्हा काळ्या कड्यावर पाण्याच्या वाटेचा फिकट पट्टा आणि तळाशी हिरवट डबके, एवढाच काय तो धबधबा दिसला. वडील म्हणाले, "एवढ्यासाठी उन्हातान्हात आणलंस होय रे?" त्यांना यंदा पुन्हा न्यायचे आहे; त्यांचे वय ७४ आहे. वाघूर नदीला तिथे पाणी केव्हा असते, आणि सात कुंडे खरोखर मोजता येतात, की ते नुसते नाव आहे? पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याला आम्ही दिवाळीत गेलो होतो, तरी तिथे पाणी चांगले होते. मग इथेच असे का?

उत्तर १: सिल्लोडकर

दोन्ही नद्या अजिंठ्याच्याच डोंगररांगेत उगम पावतात. फरक आहे तो धबधब्यापर्यंत त्यांनी किती मुलूख ओलांडला याचा. पैनगंगा सहस्रकुंडाला येईपर्यंत अनेक तालुक्यांचे पाणी पोटात घेऊन येते, तर वाघूर लेण्यांपाशी असते तेव्हा ती नुकतीच डोंगरावरून उतरत असते आणि ओढ्यापेक्षा फार मोठी नसते. त्यामुळे माथ्यावर पाऊस झाला की कडा गर्जू लागतो आणि उघडीप लांबली की धार बारीक होत जाते. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात, आदल्या दिवशी चांगला पाऊस झालेला असेल अशी सकाळ निवडावी. कुंडांचे म्हणाल तर पाणी एकाखाली एक अशा उड्या घेत उतरते, पण लेण्यांच्या पातळीवरून शेवटची मोठी उडी आणि तिचे कुंड एवढेच नीट दिसते. बाकीची पाहायची असतील तर माथ्यावरच्या व्ह्यू पॉइंटला जावे. घोड्याच्या नालासारखे वळण घेतलेली अख्खी दरी तिथूनच कळते.

उत्तर २: भूगोलाचा शिक्षक

उड्या का, हेही सांगतो, कारण मुले सोबत असतील तर ती विचारणारच. हा सारा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भुसभुशीत. पाणी खालचा मऊ थर लवकर झिजवते, वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि पायरी तयार होते. पडणारे पाणी पायथ्याशी खड्डा करते, तेच कुंड. लेणी कोरली आहेत तो सुमारे ७६ मीटर उंचीचा कडाही याच नदीने कापलेला आहे. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे एका जागचा मुक्काम, पावसाळ्यातलाच; म्हणजे त्यांना ही दरी वाहतीच माहीत होती. पूर्वी बहुतेक लेण्यांना नदीपर्यंत उतरणारा स्वतंत्र जिना होता. सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन बाजूंना हत्ती कोरलेला जिना अजून आहे, तो वडिलांना अवश्य दाखवा. उलट ही विस्मृतीत गेलेली लेणी पुन्हा उजेडात आणणारा ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी या दरीत आला, म्हणजे त्यालाही तुमच्यासारखा कोरडाच कडा दिसला असावा.

परभणीकर

दोघांचेही आभार. वडिलांना टोकापर्यंत चालवेल का, हीच आता काळजी आहे.

सिल्लोडकर

सुरुवातीचा चढ दमवणारा आहे, त्यासाठी डोलीवाले मिळतात. त्यानंतर वाट बरीचशी सपाट आहे, तरी अधूनमधून पायऱ्या येतात. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. कुंडाजवळ मात्र कोणालाही उतरू देऊ नका. माथ्यावर कोसळलेला पाऊस दरीतून दिसत नाही; पाणी एकदम गढूळ होऊन वाढू लागले तर लगेच वर यावे. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढचे चारेक किलोमीटर एसटीने जावे लागते. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.