पाच वर्षांच्या मुलीसाठी विज्ञान-संच घ्यावा का? सल्ला हवा

धागाकर्ती: आम्ही ठाण्यात राहतो. आमची पाच वर्षांची मुलगी कुकरच्या वाफेपासून चंद्रापर्यंत प्रत्येक गोष्टीचे कारण विचारते आणि उत्तर पुरे होण्याआधीच तिचा पुढचा प्रश्न तयार असतो. दुकानांत मिळणारे महागडे विज्ञान-संच या वयात उपयोगी पडतात का, की दुसरे काही करावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १: संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगातून काय घडणार हे खोक्यावरच छापलेले असल्यामुळे मुलाला अंदाज बांधायला वावच उरत नाही. त्यापेक्षा बादलीभर पाणी आणि दोन संत्री घ्या. सालीसकट संत्रे तरंगते. सोललेले मात्र हलके होऊनही बुडते, आणि हे मुलांनाच काय, मोठ्यांनाही चटकन पटत नाही. आधी तिचा अंदाज विचारा, मग फळ तिलाच पाण्यात सोडू द्या. सालीत हवा असते, हे सांगण्याची घाई करू नका. लिंबू, बटाटा, साबण ती आपणहून घेऊन येईल.

प्रतिसाद २: वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, मात्र उत्तर फार ताणले तर मूल कंटाळते. खरेदीच करायची असेल तर एक भिंग घ्या. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा सुरवंट आढळला, तर तो फेकू नका. मोठा होता होता तो हिरवा होतो, आणि काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडतो. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. शिवाय अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या कृती मोफत मिळतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे सांध्यांना वापरून काड्यापेटीच्या काड्यांचा चौकोन आणि त्रिकोण करून द्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र तुम्हाला जवळच आहे, पण सगळी दालने एका दिवसात उरकू नयेत.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. कढीपत्ता आहे, पण सुरवंट तो फस्त करणार नाहीत ना?

प्रतिसाद २: पाने बरीच जातील, पण झाड जोमदार असेल तर पुन्हा फुटेल. तोवर त्यावर कीटकनाशक फवारू नका, आणि भिंग उन्हात एकटीच्या हाती देऊ नका.