ऊसतोडीच्या तळावरील गरोदर बायका व लहान मुलांच्या तपासणीची सोय कशी लावावी? (वाळवा तालुका, सांगली)

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेर गायरानाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ती माणसे तिथेच राहतात. यंदा छत्तीस कोयते आले आहेत. ज्यांना हा हिशोब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. बहुतेक जण बीड जिल्ह्यातील पाटोदा आणि शिरूर कासार भागातले आहेत, काही जोड्या आपल्याच जिल्ह्यातील जत तालुक्यातल्या आहेत. पाच वर्षांखालील मुले मी स्वतः कोपी-कोपीतून फिरून मोजली, ती सतरा भरली.

गेल्या हंगामात, जानेवारीत, सातवा महिना चालू असलेली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना चक्कर येऊन खाली पडली. १०८ क्रमांकाची गाडी वेळेत आली आणि रुग्णालयात तिला रक्त चढवले, म्हणून ती आणि बाळ दोघेही वाचले. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ६.४ निघाले होते. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय, हे मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळले. त्यांनी माता व बाल संरक्षण कार्ड मागितले, तेव्हा ते गावी सासूच्या पेटीत असल्याचे समजले. लोहाच्या गोळ्या तिला तिकडे मिळाल्या होत्या, परंतु त्या इथे आल्यावर संपल्या आणि पुढच्या कोणाकडे मागायच्या हे तिला माहीत नव्हते. मी त्या तळावरून रोज फिरायला जात होते, तिला ओळखतही होते, आणि तरीही मी कधी विचारले नव्हते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी या बायकांना वारंवार उपकेंद्रात जाण्यास सांगू लागले आणि थोड्याच दिवसांत माझे सांगणे किती पोकळ आहे हे मला कळले. तोडणीला त्या पहाटे चारला निघतात, ट्रॉली भरून मोकळ्या होईपर्यंत दुपारचे तीन-चार वाजतात आणि रात्री रिकामी गाडी आली तर पुन्हा भरायला उठावे लागते. लसीकरणाचे सत्र सकाळी दहानंतर असते. बायको तपासणीला गेली की कोयता मोडतो, खाडा पडतो, आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असल्यामुळे एका दिवसाचा खाडाही नवरा-बायको दोघांना जड जातो. औषधे उपकेंद्रात आहेत, गोळ्या मोफत आहेत, आमच्या आशाताई कष्टाळू आहेत. परंतु त्यांच्या यादीत गावातील कुटुंबे आहेत, आणि ही माणसे अर्धे वर्ष तिथल्या यादीत असूनही तिथे नसतात व अर्धे वर्ष इथे असूनही इथल्या यादीत नसतात. माझ्या मते खरा पेच वेळेचा आणि नोंदीचा आहे.

म्हणून जाणकारांना माझी विनंती आहे. तळावर जाऊन, तेही संध्याकाळी, लसीकरण व गरोदर मातांची तपासणी व्हावी यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करावा? ज्या मुलांचे कार्ड जवळ नाही आणि ज्यांचे डोस मध्येच चुकले आहेत, त्यांना सुरुवातीपासून पुन्हा लसी द्याव्या लागतात का? अंगणवाडीचा आहार त्यांना इथे मिळू शकतो का?

आणखी एक गोष्ट लिहिताना मला संकोच होतो, तरी लिहिते. पस्तिशीच्या आतल्या तीन बायकांनी मला पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याचे सांगितले. २०१९ मध्ये या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि बीड जिल्ह्यात सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले होते, हे वाचले होते. समोर बसून ऐकणे वेगळे असते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे असे त्रास इतर बायकाही सांगतात आणि हे सगळे पिशवीमुळेच होते असे त्यांना वाटते. त्यांच्याशी हे कसे बोलावे?

प्रतिसाद : निवृत्त आरोग्य सेविका, तासगाव तालुका

बाई, अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. अर्जात हा तळ जोखमीची वस्ती म्हणून उपकेंद्राच्या कृती आराखड्यात घ्यावा आणि तिथे बाह्यसंपर्क सत्र (उपकेंद्राबाहेर वस्तीवर जाऊन घेतलेले सत्र) लावावे, असे स्पष्ट लिहा. वीटभट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ यांच्यासाठी अशीच पद्धत असते. सोबत मुलांची नावे, वय, पालकांचा मोबाइल आणि तळाचा साधा नकाशा जोडा, कारण यादी हातात दिली की काम पुढे सरकते. तोड कोणत्या दिवशी बंद राहणार आहे ते चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) आधी विचारून घ्या आणि तोच दिवस मागा.

चुकलेले डोस पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत, जिथे थांबले तिथून पुढे देतात. मात्र वयाच्या मर्यादा लक्षात ठेवा. पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हावा लागतो, गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. त्यामुळे वर्षाच्या आतील बाळांची यादी सर्वांत आधी करा. कार्ड नसेल तर यू-विन या लसीकरण नोंदीच्या सरकारी पोर्टलवर पालकांच्या मोबाइल क्रमांकावरून नोंद सापडते का ते सेविकेला पाहायला सांगा.

गरोदर बायकांसाठी दर महिन्याची ९ तारीख धरून ठेवा. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची असते. तळावरच्या बायका ती चहाबरोबर घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. चहामुळे लोह अंगी लागत नाही. ती लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा, आणि शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंद करू नका, हेही आधीच सांगा.

पांढरे जाण्याचा त्रास अनेकदा जंतुसंसर्गाचा असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. एवढे एक वाक्य त्यांच्या कानावर पडले तरी पुष्कळ होईल.

प्रतिसाद : पाटोदा, जि. बीड

बाई, नमस्कार. माझे आई-वडील बावीस हंगाम तोडीला गेले, माझे बालपण अशाच कोपीत गेले, म्हणून लिहितो. आधी मुकादमाशी, म्हणजे टोळी घेऊन आलेल्या माणसाशी, बोला. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरणार नाही, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले तरच बायका येतील. आजारी बाई फडात पडली तर त्याचाच कोयता बंद होतो, हे त्याला पटते. कार्ड गावी राहिले असेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून तिकडच्या आशाताईंकडून त्याचा फोटो मोबाइलवर मागवून घ्या. अंगणवाडीसाठी पोषण ट्रॅकर या नोंदींच्या ॲपमधील नाव तुमच्या गावाकडे वळवता येते, तिथल्या सेविकेला तेवढे सांगावे लागेल.

पिशवीचा विषय पुरुषांसमोर काढू नका. माझ्या आईला जे सांगायचे असायचे, ते ती रात्री भाकरी थापताना शेजारच्या कोपीतल्या बाईलाच सांगायची. तळावरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला हाताशी धरा आणि त्याच वेळी जाऊन बसा.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल मुकादमाशी बोलले. एका दिवसाला तो तयार झाला आहे, दुसऱ्याचे पुढे पाहू म्हणाला. वर्षाच्या आतील पाच बाळे निघाली, त्यांपैकी दोघांची कार्डे जवळ आहेत आणि एकाच्या आजीने कार्डाचा फोटो पाठवला. अर्ज उद्या देते.

पाण्याविषयी विचारायचे राहिले होते. ही सगळी माणसे शेजारच्या विहिरीवरून शेताला जाणाऱ्या पाटाचे पाणी पितात. गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, पण ते पाणी तळापर्यंत पोहोचत नाही. मी कोपी-कोपीत मेडिक्लोरच्या (पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या थेंबांच्या) बाटल्या दिल्या आहेत, परंतु पहाटे अंधारात घाईने घागर भरताना थेंब मोजून टाकणे त्यांना जमत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाची एक जोडणी हंगामापुरती तळावर कोणी घेतली असेल, तर ठराव कसा लिहिला होता ते कृपया कळवावे.