दमट हवेत कृत्रिम हिरवळीचे जोड सुटतात, शेवाळ धरतं – सल्ला हवा

निशिगंध
मुलांच्या खेळायच्या जागेत काँक्रीटवर कृत्रिम हिरवळ अंथरलेली आहे. एका बाजूला उंच भिंत, त्यामुळे तिकडे ऊन जवळजवळ नाहीच. पाऊस सुरू झाला की भिंतीलगत शेवाळ धरतं आणि मुलं घसरतात. मधला जोड हातभर उघडलाय. कारागिराने दोनदा चिकटवून दिला, पण हवेत ओल वाढली की पुन्हा सुटतो. कुबट वासही येतो. पाती अजून दाट आणि चांगली आहेत, म्हणून सगळं काढून नवीन घालायचं नाही. जोडासाठी कुठला गोंद टिकेल? शेवाळावर काय मारावं?

खडीवाळू
निशिगंध, गोंदाचं नंतर बघू. आधी पाणी कुठे थांबतंय ते शोधा. उघडलेल्या जोडाजवळ एक बादली पाणी ओता आणि थोड्या वेळाने कडा उचलून खाली बघा. बहुतेक वेळा वरून सगळं कोरडं वाटतं आणि खाली पाण्याचा पातळ थर तसाच असतो. हिरवळीच्या पाठीला निचऱ्याची भोकं असतात, पण पाठ सपाट काँक्रीटला टेकली की भोकातून आलेल्या पाण्याला पुढे वाटच राहत नाही. काँक्रीटला मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर ढाळ हवा. ढाळ कमी असेल तर हिरवळीखाली उंचवट्यांची प्लॅस्टिकची निचरा-चटई घाला, म्हणजे पाठ जमिनीपासून उचललेली राहते. वास आणि जोड या दोन्हींचं मूळ बहुधा याच पाण्यात सापडेल.

पाठीवरचा लेपही तपासा. तो लॅटेक्सचा असेल तर सतत ओलीत राहून कमजोर होतो, बोटाने चोळल्यावर भुगा पडतो आणि पाती ओढली की गुच्छच हातात येतो. तसं झालं असेल तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल, कारण गोंदाला धरायला काही उरलेलंच नसतं. पॉलियुरेथेनचा लेप ओलीत बराच जास्त टिकतो.

आता गोंद. दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन गोंद घ्या. पाण्यात विरघळणारे गोंद इथे कामाचे नाहीत. एकाच डब्यातला पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे दमट हवेत तो फार लवकर धरतो. पृष्ठभाग ओला असेल तर त्याला फेस येतो, फेसात पोकळ्या राहतात आणि पकड कच्ची होते. तुमचा जोड दोनदा सुटण्यामागे हेही असू शकेल.

जोड करताना जुना गोंद खरवडून काढा. जुन्यावर नवा लावू नका. दोन्ही कडांच्या पात्यांच्या शेवटच्या दोन-तीन ओळी कापून सरळ कडा करा, मात्र कापताना सुरी पाठीच्या बाजूने चालवा. दोन्ही तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. खाली जोडपट्टी, तिच्यावर दातेरी पट्टीने सारखा पसरलेला गोंद. कडा टेकवताना पाती गोंदात अडकू देऊ नका आणि दोन कडांमध्ये फट ठेवायची ती ओळींमधल्या अंतराएवढीच. वर वाळूच्या पिशव्या ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला चालू देऊ नका.

कोरडी_जमीन
वरचं सगळं पटलं. शेवाळाबद्दल थोडं. शेवाळ प्लॅस्टिकच्या पात्यांवर जगत नाही, पात्यांच्या बुडाशी साचलेली धूळ, पानांचा चुरा आणि ओल यांवर जगतं. त्यामुळे आधी ताठ नायलॉन झाडूने पात्यांच्या झुकावाच्या उलट दिशेने झाडा, तारेचा ब्रश नको. पात्यांमध्ये भरलेली वरची मळकी वाळू काढून टाका. मग पाणी घातलेलं ब्लीच लावा, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. रंगावर परिणाम होतो का ते आधी एका कोपऱ्यात बघून घ्या. व्हिनेगरही चालतं, पण तुमच्याकडे खाली काँक्रीट आहे आणि आम्ल ते हळूहळू खातं, म्हणून मी ते टाळेन. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. वाळू उडते आणि जोडाची कड उचलली जाते.

निशिगंध
दोघांचेही आभार. एक सांगायचं राहिलं, त्या जागेत दोन पाळीव कुत्री रोज येतात. वासाचं तेही कारण असेल का?

खडीवाळू
नक्कीच असेल. आणि मग ब्लीच थांबवा! मूत्रात अमोनिया असतो, ब्लीचशी त्याची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो, म्हणजे ते दोन कधीच एकामागोमाग ओतायचे नाहीत. आधी साध्या पाण्याने पुष्कळ धुवा, मग एन्झाइमचं क्लीनर. ते थोडा वेळ ओलं राहू द्यावं लागतं, लगेच धुतलं तर काम होत नाही. कुत्री जिथे बसतात तिथे वाळूऐवजी झिओलाइट (सच्छिद्र खनिजाचे दाणे) भरा, तो अमोनिया धरून ठेवतो. अर्थात खाली पाणी साचत राहिलं तर यातलं काहीच टिकणार नाही.

कोरडी_जमीन
बरं झालं लिहिलंत, माझ्या प्रतिसादातलं ब्लीच कुत्र्यांच्या जागेत वापरू नये. निशिगंध, नवी वाळू भरताना धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू घ्या. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ ओल खेचतं. रबराचे दाणे वाहत्या पाण्याबरोबर सरकून निचऱ्याच्या तोंडाशी साचतात.

निशिगंध
शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात जोड करायचाच नाही का? काँक्रीट कोरडं झालं हे ओळखायचं कसं?

खडीवाळू
उघडीप मिळेपर्यंत थांबा. हिरवळ गुंडाळून बाजूला करा, काँक्रीटवर जाड पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला घाम दिसला किंवा खालचा भाग काळपट झाला तर ओल अजून आत आहे. तोवर मुलांचे पाय अडकू नयेत म्हणून जोडाचा पट्टा खेळायला बंद ठेवा.