एप्कॉटमधलं तेप्पान एदो: आईबाबांना घेऊन जावं का? (अनुभव धागा)

शार्लटहून

एप्रिलमध्ये सांगलीहून आईबाबा येताहेत. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, आईचा डावा गुडघा दुखतो. आमच्या पोरांनी (वय 6 आणि 11) आजीआजोबांना डिस्नी दाखवायचं परस्पर ठरवून टाकलंय. त्यातला एक दिवस एप्कॉटचा, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमधल्या एका पार्कचा. तिथल्या जपान दालनात वरच्या मजल्यावर तेप्पान एदो नावाचं हॉटेल आहे. मधे तापलेला लोखंडी पत्रा, भोवती आपण बसायचं आणि आचारी समोर उभा राहून करून वाढतो. थोरलीला तिथेच जेवायचंय.

आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबा मासे आवडीनं खातात. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, म्हणून आत्ताच विचारतेय. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. "छान आहे, जा" एवढ्यावर माझं भागणार नाही. एखादी गोष्ट आवडली नाही असं आई मला कधीच सांगत नाही, त्यामुळे मलाच आधी कळायला हवंय.

अटलांटाहून

आम्ही जुलैत गेलो होतो, दुपारचं बुकिंग. फ्लोरिडातल्या जुलैत सकाळपासून उन्हात चालून आल्यावर दीड तास गारव्यात बसायला मिळणं हीच अर्धी वसुली.

टेबल आठजणांचं असतं. आम्ही चौघे, त्यामुळे समोर ओहायोहून आलेलं एक आजीआजोबांचं जोडपं आणि त्यांच्या दोन नाती. आधी सगळे आपापल्या ताटात बघत बसले. मग आचारीण आली, विशीतली मुलगी. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली तिचं जपानमधलं गाव, "सेंदाई". तिनं कांद्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधे तेल-पाणी घातलं आणि वाफेचा लोट उठला. चारही मुलं एकदम ओरडली आणि तिथून टेबल एक झालं. नंतर तिनं त्याच कांद्याच्या चकत्यांचा मिकी करून धाकट्याच्या समोर सरकवला. त्यानं तो खाल्ला नाही, शेवटपर्यंत सांभाळून ठेवला.

चवीचं सांगते. कोळंबी उत्तम, अगदी हवी तेवढीच शिजलेली. कोंबडी ठीक. उदोन म्हणजे जाडजूड गव्हाच्या शेवया, त्या मुलांना फार आवडल्या. तिखट मात्र कशातच नाही. बाबांना चव लागायला हवी असेल तर तिखट सॉस मागून घ्या. चौघांचं बिल टिप धरून सव्वादोनशे डॉलरच्या आसपास झालं. पार्कचं तिकीट वेगळं, हे धरूनच हिशेब करा.

टँपाहून

आमच्याकडे वार्षिक पास आहे, वर्षातून पाचसहा वेळा एप्कॉटला जाणं होतं. गुडघेदुखीचं वाचलं म्हणून आधी रस्त्याचं सांगतो, कारण तिथं खरी गंमत किंवा खरा त्रास तोच आहे.

अकरा देशांची दालनं एका तळ्याभोवती आहेत आणि पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. जपान पार तळ्यापलीकडे, अमेरिकेच्या दालनाला लागून. मुख्य दारातून शिरलात तर आधी मोठं पटांगण ओलांडायचं आणि मग अर्धी फेरी. आईंना तसं चालवू नका. कॅनडाच्या बाजूच्या धक्क्यावरून होडी सुटते, ती मोरोक्कोजवळ सोडते. मोरोक्कोच्या शेजारीच जपान. किंवा मागच्या दारानं या, ब्रिटन आणि फ्रान्सच्या मधे ते उघडतं. फ्रान्स, मोरोक्को, की आलंच जपान. 2019 पासून त्या दारापर्यंत पाळण्यांची केबल कारही येते, काही डिस्नी हॉटेलांतून थेट. वर जायला लिफ्ट आहे.

सहा किंवा जास्त माणसं असतील तर 18 टक्के टिप बिलातच लागते. आम्ही एकदा न बघता वर पुन्हा टिप ठेवली होती.

जेवायच्या आधी पाऊण तास हातात ठेवा. तळ्यात उभं केलेलं लाल तोरी द्वार जपानमधल्या मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा मंदिराच्या द्वारावरून बेतलंय. पाचमजली पॅगोडा नारा भागातल्या होर्यूजी मंदिरावरून. मागं छोटी बाग आणि रंगीत माशांचं तळं आहे, तिथं बाकावर बसता येतं. वेळ जुळली तर पॅगोड्यासमोर ताइको नगारे वाजतात. आमच्या वडिलांना जेवणापेक्षा ते नगारे जास्त आवडले, ढोलपथकात वाढलेला माणूस.

पुण्याहून (आधी 9 वर्षं तोक्यो)

"हे खरं जपानी आहे का?" असं प्रत्येकजण विचारतो. माझं मत जरा तपशिलात.

तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा, याकी म्हणजे भाजणं. पत्र्यावर भाजायची रीत जपानची आहेच. ओसाका आणि हिरोशिमाचं ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं), तोक्योत त्सुकिशिमाचं मोंजायाकी (तसंच, पण पातळ), हे सगळं त्याच पत्र्यावरचं. पण पत्र्यावर गोमांसाचा स्टेक, कोळंबी आणि भाज्या गिऱ्हाइकासमोर करून द्यायच्या, ही पद्धत कोबेच्या मिसोनो नावाच्या हॉटेलनं 1945 मध्ये सुरू केली. ती उचलून धरली परदेशी पाहुण्यांनी, त्यांना खाण्याइतकंच बघण्यात रस होता. 1964 मध्ये रॉकी आओकी यांनी न्यूयॉर्कमध्ये बेनिहाना काढलं आणि कालथे नाचवणं, कांद्याचा ज्वालामुखी वगैरे खेळ अमेरिकेत रुजले. अमेरिकेत त्याला सर्रास हिबाची म्हणतात. जपानमध्ये हिबाची म्हणजे कोळशाची शेगडी, हात शेकायची.

तोक्योतल्या चांगल्या तेप्पानयाकीत आचारी जवळजवळ बोलत नाही. मांस कापतानाचा आवाजही ऐकू येतो. तेप्पान एदो त्या दोहोंच्या मधे आहे. खेळ आहे, पण आरडाओरडा नाही. तिथं वाढणाऱ्या मुलीनं वाकून दोन्ही हातांनी वाटी ठेवली तेव्हा मला माझ्या तोक्योच्या गल्लीतलं हॉटेल आठवलं, आणि ते अगदी आतून आठवलं. हे दालन चालवते मित्सुकोशी, 1673 साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, कापडाचं दुकान म्हणून सुरू झालेली पेढी. खालचं मोठं दुकानही त्यांचंच. तो सराव कुठेतरी दिसतो.

शाकाहाराबद्दल एक महत्त्वाचं. मिसो सूप दिसायला शाकाहारी, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा दाशीचं असतं, आणि दाशीत वाळवलेला बोनितो मासा. सॉसमध्येही मासा किंवा कालवं असू शकतात. आईंसाठी प्रत्येक पदार्थाबद्दल विचाराच. "नो मीट" एवढं पुरत नाही, "नो फिश, नो दाशी, नो एग" असं म्हणा.

ह्यूस्टनहून

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या माळकरी. त्यामुळे तुमची अडचण मला नीट कळते.

त्यांना मुख्य काळजी एकाच पत्र्याची. शेजाऱ्याचं मांस जिथं भाजलं तिथंच आपल्या भाज्या? मी बुकिंग करताना लिहिलं होतं, दारात सांगितलं आणि बसल्यावर परत सांगितलं. त्यांनी सासूबाईंचा टोफू आणि भाज्या आत स्वयंपाकघरात वेगळ्या करून आणून दिल्या. ताट वेगळं, चिमटे वेगळे.

पण खरं सांगू का, अन्नाची सोय झाली तरी समोर एक हातावर स्टेक चुरचुरत होता. त्याचा वास, धूर, सगळं तोंडावर. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदर नाकाशी धरून बसल्या आणि मी दीड तास त्यांच्याकडेच बघत राहिले. जेवण मला आठवतच नाही. त्यांना नेण्याआधी मी त्यांना हे चित्र नीट सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नाही, नुसतं "तिथं शाकाहारी मिळतं" म्हणाले. तुम्ही तसं करू नका. आईंना व्हिडिओ दाखवा, समोर काय शिजणार ते स्पष्ट सांगा आणि त्यांना ठरवू द्या. त्यांनी नको म्हटलं तर त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधा. फक्त हो-ना त्यांच्या तोंडून येऊ द्या.

एडिसनहून

आमच्यासाठी नाही. मुलं 2 आणि 4 वर्षांची. तापलेल्या पत्र्यापासून धाकट्याचे हात लांब ठेवण्यात माझं जेवण गार झालं. त्याच दालनात खाली बागेला लागून कात्सुरा ग्रिल आहे, काउंटरवर घ्यायचं आणि बाहेर बसायचं. उदोन, करी-भात, सुशी. चौघांचं निम्म्याहून कमी पैशांत होतं आणि मुलं मासे बघत जेवतात. बाहेरच्या गाडीवर काकिगोरी मिळतं, म्हणजे आपला बर्फाचा गोळा, पण भुसभुशीत. मुलं थोडी मोठी झाली की वर जाऊ.

मिनिआपोलिसहून

मी तेप्पान एदोला गेलेलो नाही, पण एक सांगतो. आमच्या शहरातल्या एका हिबाची हॉटेलात आईबाबांना नेलं होतं. आचाऱ्यानं बाबांच्या तोंडाकडे कालथ्यानं कोळंबी उडवली. त्यांनी तोंड उघडलं नाही, ती चष्म्यावर आपटली. टेबल हसलं. बाबाही हसले, पण घरी येताना गाडीत गप्प होते. ते 31 वर्षं शाळेत मुख्याध्यापक होते. अन्न तोंडावर फेकणं त्यांना सहन झालं नाही आणि मला ते आधी सुचलं नाही. त्यामुळे वर वाचून बरं वाटलं की तिथं वाकून दोन्ही हातांनी देतात. तरी बसल्या बसल्या आचाऱ्याला हळूच सांगा, ज्येष्ठांकडे काही उडवू नका म्हणून.

ठाण्याहून

लेकीकडे गेले असताना 1998 मध्ये गेलो होतो. तेव्हा नाव तेप्पानयाकी डायनिंग रूम्स होतं, तेप्पान एदो 2007 नंतरचं. त्या वेळी शेजारी बसलेल्या जपानी बाईंनी ह्यांना काड्या धरायला शिकवलं. आपल्याकडे पंगतीत शेजारी कोण येईल ते ठरलेलं नसतं, तसंच होतं ते. हे आता नाहीत. त्या काड्यांचं कागदी पाकीट अजून माझ्या पोथीत आहे, खूण म्हणून. जा बाई.

ऑरलँडोहून

तिथल्या मुलामुलींबद्दल थोडं. बिल्ल्यावर जे गाव असतं ते त्यांचं खरं गाव. ती बहुतेक क्यू-1 व्हिसावर येतात. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा हा व्हिसा अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानं आला. जास्तीत जास्त 15 महिने मिळतात, मग परत. म्हणजे तुम्हाला वाढणारी मुलगी घरापासून पहिल्यांदाच इतक्या लांब आलेली असू शकते. गावाचं नाव वाचून दोन शब्द बोला. माझ्या अनुभवात तिथलं जेवण त्यानं बदलतं.

शार्लटहून

जाऊन आलो. वेळ काढून लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार.

ह्यूस्टनच्या ताईंचं वाचून आईला आधीच व्हिडिओ दाखवले. तिनं दोनदा बघितले आणि म्हणाली, "वास सहन होईल गं, पण माझं ताट त्या पत्र्यावरचं नको." मग तसंच सांगितलं. मागच्या दारानं गेलो, गुडघ्याला त्रास झाला नाही. दुपारी बाराचं बुकिंग होतं. आमच्या सहा जागा, उरलेल्या दोन जागांवर मेक्सिकोहून आलेलं एक तरुण जोडपं.

आचारी मुलगा सापोरोचा. आईनं आल्या आल्या थोरलीला विचारायला लावलं, पत्रा कशानं पुसतोस? त्यानं हसून दाखवलंच. पाणी ओतलं, लोखंडी पट्टीनं खरवडलं, पुन्हा पाणी, पुन्हा खरवडलं, मग तेलाचा हात. आई मान डोलावत होती. तिनं चाळीस वर्षं बिडाचे तवे सांभाळलेत, ते काम तिला कळतं. नंतर त्याचा कालथा चालू असताना ती बाबांना हळूच म्हणाली, "मनगट बघा त्याचं, खांदा हलत नाही." बाबांची कोळंबी अर्थातच संपली, शिवाय धाकट्याच्या ताटातलीही.

सापोरोत बर्फ किती पडतो हे आईनं विचारलं, त्याची आई काय करते हे विचारलं, कधी परत जाणार हे विचारलं. थोरली दुभाषी. चार महिने उरले होते त्याचे.

रात्री हॉटेलवर आईनं मिरजेच्या मावशीला फोन केला. त्या मुलाबद्दल वीस मिनिटं बोलत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली आणि मी न विचारता म्हणाली, "टोफू बरा होता. त्या शेवया मात्र नाही आवडल्या मला, गिळगिळीत लागतात."